पोट्ट्याचा माज कोणी मोजला?

आमच्या वऱ्हाडात एखाद्या पोराला नाकारायचं असलं की कारण शोधत बसावं लागत नाही. ‘लय माज आला त्याले’ एवढं म्हटलं की काम भागतं. क्रिकेटच्या मैदानावर या वाक्याला आता इंग्रजी कपडे चढले आहेत. निवड चाचणी घेणारे, प्रशिक्षक, पेपरातले जाणकार आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवरचे जाणकार, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: अ‍ॅटिट्यूड. पोराकडे टॅलेंट आहे हो, पण अ‍ॅटिट्यूड नाही. किंवा, अ‍ॅटिट्यूड फार आहे. म्हणजे असला तरी पोरगं वाया गेलेलं, नसला तरी वाया गेलेलंच.

या शब्दावर माझा राग आहे. तो का, ते सांगतो.

मी शिक्षक आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, उर्दूही शिकवतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून आम्हा मास्तरांना प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात. हे काम आम्हाला कटकटीचं वाटतं आणि मार्चमध्ये अर्धे जण ते एकमेकांच्या वहीतून उतरवतात, हे उघड गुपित आहे. पण त्यामागचा विचार शहाणपणाचा आहे. ‘उद्धट आहे’ ही नोंद नव्हे. ‘गटात काम करताना दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो’ ही नोंद. पहिल्या वाक्यात मास्तराचा राग असतो, दुसऱ्यात मूल असतं. दुसरी नोंद तपासता येते, खोडता येते, सहा महिन्यांनी बदललेली दिसते. पहिली मात्र जन्मभर चिकटते.

बी.एड.ला थॉर्नडाइक शिकवला होता, आठवत असेल. 1920 साली त्यानं दाखवून दिलं की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना गुण देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांना वेगवेगळं मोजतच नाहीत. एका बाबतीत माणूस आवडला की सगळ्या रकान्यांत भरघोस गुण, नावडला की सगळीकडे कात्री. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. आमचे निवडकर्ते अजून त्या अधिकाऱ्यांच्याच बाकावर बसले आहेत.

आता सरफराज खानकडे येऊ, कारण तुम्ही सगळे त्याच नावाची वाट बघत असणार. 2009 साली, बारा वर्षांचा असताना, मुंबईच्या हॅरिस शिल्डमध्ये त्यानं 439 धावा केल्या. किशोरवयात मुंबई क्रिकेट संघटनेनं त्याच्यावर शिस्तीची कारवाई केली होती, हे खरं आहे. तो उत्तर प्रदेशाकडून खेळायला गेला, मग मुंबईत परतला आणि 2019-20 च्या रणजी हंगामात 928 धावा केल्या, 2021-22 मध्ये 982. दोन्ही वेळा सरासरी शंभराच्या वर. तरीही 2023 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्याचं नाव आलं नाही. मग बातमी आली, तीही नाव न सांगणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या हवाल्यानं: फिटनेस बरोबर नाही, आणि मैदानावरचं-मैदानाबाहेरचं वागणं बरोबर नाही. शतकानंतर त्यानं केलेला हातवारा निवडकर्त्यांकडे बघून होता म्हणे. त्याच्या बाजूच्यांनी सांगितलं की तो आपल्याच ड्रेसिंग रूमकडे होता.

फिटनेसचं एक सोपं आहे. धावायला लावा, घड्याळ लावा, आकडा मिळतो. पण हातवारा? तो कुणी मोजला, कशानं मोजला? 15 फेब्रुवारी 2024 ला राजकोटला त्याला कसोटीची टोपी मिळाली, पहिल्या डावात 62, दुसऱ्यात नाबाद 68. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध 150. पुढच्या डावांत तो अपयशी ठरला, तेही सांगायला हवं. त्या डावांवरून त्याला वगळलं असं कुणी म्हटलं तर माझा वाद नाही. धावांवर वाद घालता येतो. वागण्याबद्दलच्या निनावी कुजबुजीवर घालता येत नाही.

मला लोक विचारतात, ‘सर, त्याचं नाव सरफराज नसतं तर?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. कारण लिहिलेलं नसलं की ते सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही. मनात पूर्वग्रह असलेल्या माणसाला त्यात लपायला जागा मिळते, आणि प्रामाणिक निवडकर्त्यावर फुकटचा संशय येतो. सगळ्यात वाईट अवस्था त्या पोराची. आपला चेंडू कमी पडला की आपलं नाव, हे त्याला कधीच कळत नाही. चेंडू कमी पडला असेल तर तो सुधारता येतो. नावाचं काय करायचं?

मोहम्मद सिराजचं उदाहरण कुणी माझ्या तोंडावर फेकेल. जरूर फेका. रिक्षाचालकाचा मुलगा, मैदानावर भडक, फलंदाजाला डोळे वटारणारा, आणि ऑगस्ट 2025 मध्ये ओव्हलवर पाच बळी घेऊन भारताला सहा धावांनी जिंकून दिल्यावर अख्ख्या देशाचा लाडका. म्हणजे दार सगळ्यांना सारखंच बंद आहे असं म्हणणं खोटं आहे, आणि ते मी म्हणणार नाही. 2012 साली सिडनीत विराट कोहलीनं प्रेक्षकांना बोट दाखवलं, निम्मी मॅच फी दंड भरली, पुढे तो कर्णधार झाला. चांगलंच झालं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला सुधारायला वेळ मिळाला. मला एवढंच दिसतं की तोच संताप एकाच्या बाबतीत ‘जिद्द’ असतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘माज’, आणि कोणता शब्द लावायचा हे बहुतेक वेळा निकाल लागल्यावर ठरतं.

दर शाळेच्या परिपाठात विनोद कांबळीची गोष्ट सांगतात. 1988 ची ती 664 धावांची भागीदारी, एक मित्र शिस्तीनं वर गेला, दुसरा बेशिस्तीनं बुडाला. मला या प्रवचनाचा कंटाळा आला आहे. कांबळी 17 कसोट्या खेळला, सरासरी 54 च्या वर, दोन द्विशतकं, आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. तो सुधारावा म्हणून त्या वेळच्या यंत्रणेनं काय केलं, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. पृथ्वी शॉलाही आता याच गोष्टीत बसवलं जातंय. राजकोटलाच पदार्पणात 134 धावा, आणि सहा वर्षांनी मुंबईच्या रणजी संघातूनही बाहेर. त्याच्या चुका आहेतच, 2019 ची बंदी तर लेखी आहे. पण अठरा वर्षांच्या पोराला डोक्यावर घेऊन नाचणारेच नंतर ‘डोक्यात हवा गेली’ म्हणतात, तेव्हा ती हवा भरली कुणी?

बरं, वागणूक हीच जर खरी कमाई असेल तर सज्जनांना काय मिळालं? आपल्या नागपूरचा फैज फजल घ्या. विदर्भाचा कर्णधार म्हणून 2017-18 आणि 2018-19 अशी सलग दोन रणजी विजेतेपदं, पहिल्या विजयाच्या हंगामात स्वतःच्या 912 धावा. 2016 मध्ये हरारेत भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, नाबाद 55 केल्या आणि परत कधी बोलावणं आलं नाही. कधी आरडाओरडा नाही. 2024 मध्ये निवृत्त झाला. वसीम जाफर तर शांतपणाचा पुतळाच. चाळिशीत विदर्भाकडून इराणी करंडकात 286 धावा काढणारा माणूस. त्यालाही 2021 मध्ये उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदावरून जाताना धर्माच्या नावानं पक्षपात करतो असले आरोप ऐकावे लागले आणि पत्रकारांसमोर बसून त्यांचं खंडन करावं लागलं. तेव्हा ‘पोराला नम्रपणा शिकवा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला मला अर्धाच पटतो.

प्रगतीचंही असंच. सतराव्या वर्षी जे दिसतं त्यावर शिक्का मारायची आपल्याला घाई. उमेश यादव, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, विशीच्या आसपास पोचेपर्यंत टेनिस बॉलच टाकत होता. पोलीस भरतीत जमलं नाही. पुढे विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा? 2016 आणि 2017 ला मुंबई इंडियन्सकडे होता, एकही सामना मिळाला नाही. आयपीएलमधला पहिला सामना 2022 मध्ये, वय 28. मे 2025 मध्ये लखनौला बंगळुरूचं नेतृत्व करताना 33 चेंडूंत नाबाद 85. आज अमरावतीत त्याचे जुने सल्लागार इतके निघालेत की मोजता येत नाहीत!

अमेरिकेत बेसबॉलमध्ये मोठ्या संघांच्या खाली मायनर लीग असते, पायऱ्यापायऱ्यांची. तिथले पारखी खेळाडूच्या प्रत्येक कौशल्याला 20 ते 80 च्या पट्टीवर आकडा देतात आणि ते अहवालात लिहितात. स्वभावासाठीही त्यांचा शब्द आहे, मेकअप. (आमच्या वर्गातल्या मुली ऐकून हसतील.) 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले, आणि ज्यांनी आधी बेसबॉल खेळलाच नव्हता त्यांना पिट्सबर्ग पायरेट्सनं करारबद्ध केलं. दोघंही सर्वोच्च पातळीवर पोचले नाहीत. पण त्यांचं न पोचणं मैदानावर खेळून ठरलं. तिथं सगळं सोन्याचं आहे असं नाही, मायनर लीगच्या पोरांना वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर राबवलं गेलं. तरी खेळायला तर मिळतं.

आता धामणगावचं सांगतो. माझा एक विद्यार्थी आहे, सतरा वर्षांचा, डावखुरा वेगवान. वडील जिनिंगमध्ये हमाल. एका निवड चाचणीला गेला. कोणत्या, ते सोडा. सहा चेंडू मिळाले. सहा! भाजीवाला एवढ्यात वांगं पारखत नाही. शेवटचा चेंडू टाकून तो परीक्षकांना म्हणाला, “तुम बोले तो और एक ओव्हर डालता.” नाव आलं नाही. मी विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “बॉलिंग ठीक आहे सर, अ‍ॅटिट्यूड नाही बरोबर. मोठ्यांना ‘तुम’ म्हणतो.”

मी भाषेचा मास्तर, म्हणून इथे मला बोलू द्या. आमच्या वऱ्हाडी उर्दूत पोरं वडिलांना ‘तुम’ म्हणतात, आजीला ‘तुम’ म्हणतात, मशिदीत इमामसाहेबांनाही म्हणतात. ‘आप’ हा पुस्तकातला आणि पाहुण्यांसाठीचा शब्द. ते पोट्टं अदबीनंच बोलत होतं, आणखी मेहनत करायची परवानगी मागत होतं. आणि माजाचा आरोप करणारे ते गृहस्थ स्वतः खेड्यातले. त्यांच्या घरी आईला कुणी ‘अहो’ म्हणत असेल असं मला वाटत नाही.

पण आपल्या लोकांनाही मी सोडणार नाही. पोराच्या वडिलांनी घरी येऊन पहिलं वाक्य काय म्हटलं? “छोडो सर, हमारे बच्चों को कौन लेता.” हे वाक्य मोहल्ल्यात रोज ऐकतो मी. यात पोराचा चेंडू कुठे पडला याची चौकशीच नाही. त्या चाचणीत त्याचे दोन चेंडू लेगला गेले होते, तो रडका चेहरा करून क्षेत्ररक्षणाला उभा राहिला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ‘माज आहे’ म्हणणारा जसा पोराकडे बघत नाही, तसाच ‘कौन लेता’ म्हणणाराही बघत नाही. दोघांचा निकाल आधीच लागलेला असतो.

मी प्रशिक्षक नाही. मैदानाच्या खोलीची चावी माझ्याकडे असते, एवढंच. पण मी त्याची वही ठेवली आहे. षटकार बसल्यावर पुढचा चेंडू कुठे टाकला. रन-अप कमी कर म्हटल्यावर किती दिवसांत केला (अकरा). लहान पोरांना बॉल देतो का (देतो). बॅटिंगचा सराव टाळतो का (टाळतो, आणि विचारलं तर थातूरमातूर सांगतो). सीमारेषेवर आळशी. गेल्या आठवड्यात दोन झेल सोडले, तेही लिहिलंय.

तालुक्यात, जिल्ह्यात चाचणी घेणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे: पोराला निदान चार ओव्हर टाकू द्या, आणि नाकारलं तर कारण कागदावर लिहून, सही करून त्याच्या हातात द्या. ‘अ‍ॅटिट्यूड’ लिहायचं असेल तर तेही लिहा, पण त्यानं काय केलं ते खाली लिहा. माझी वही शाळेच्या कपाटात आहे. कुणाला बघायची असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मैदानावर असतो.