ताळेबंदाबाहेरचा माणूस

व्यवसाय प्रशासनाच्या पदव्युत्तर पदवीचे गाभ्याचे विषय ठरलेले आहेत : हिशेबशास्त्र, वित्त, विपणन, उत्पादन आणि 'मनुष्यबळ'. माणसाला केवळ बळ म्हणून मोजणारा हा शब्द पुरेसा बोलका आहे. कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. १९७६ साली छत्रपती शाहूंच्या नावाने व्यवसायशिक्षणाची स्वतंत्र संस्थाही निघाली. शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांनी ताळेबंद वाचायला शिकावे, हे स्वागतार्हच होय. हिशेब फक्त शेटजींनाच कळावा, असे समाजवाद्यांनी कधीच म्हटलेले नाही.

प्रश्न आहे तो हिशेब कोणाच्या बाजूने मांडायचा, हा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, विलंब झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, असे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातले. थकलेले ऊसबिल वित्ताच्या भाषेत कारखान्याचे खेळते भांडवल ठरते. शिरोळच्या शेतकऱ्याच्या घरी तेच सोसायटीच्या कर्जावर चढणारे व्याज असते. आणि मराठवाड्यातून येऊन पहाटेच्या थंडीत कोयता चालवणारी जोडपी? ती मुकादमाच्या उचलीला बांधलेली. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नाही. मग मनुष्यबळाच्या कोणत्या प्रकरणात त्यांना बसवायचे?

सहकार व कामगार कायदा हे या जिल्ह्यात तरी गाभ्याचे, सक्तीचे विषय असले पाहिजेत. गाळप हंगामातला एक महिना प्रत्येक विद्यार्थ्याने कारखान्याच्या कचेरीत नव्हे, उसाच्या फडात काढावा. ही मागणी विद्यार्थी संघटना आणि साखर कामगारांच्या युनियनांनी एकत्रितपणे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे न्यावी.