बिनचिठ्ठीचे इंजेक्शन

बँकेत तीस वर्षे काढली. सहीत जरासा फरक दिसला की चेक परत पाठवणारा मी. ओळखीपाळखीला कधी भीक घातली नाही. पण गेल्या पावसाळ्यात अंगात ताप भरला आणि ती सगळी शिस्त मी खुंटीला टांगली.

फॅमिली डॉक्टरांना बसता बसताच म्हणालो, ‘‘हिला दिले होते ना, तेच इंजेक्शन द्या.’’ त्यांनी घसा पाहिला, छाती तपासली आणि म्हणाले, ‘‘काका, हा व्हायरल ताप आहे. त्या सुईचा इथे काही उपयोग नाही. पाणी प्या, झोप काढा.’’ मी हिरमुसलो. परतताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नाव सांगितले. दुकानदाराने चिठ्ठी न मागता बाटली समोर ठेवली.

‘ते इंजेक्शन’ म्हणजे सेफ्ट्रिॲक्सोन. त्याच्यावर माझा विश्वास उगाच बसलेला नाही. चार वर्षांपूर्वी पत्नीला टायफॉईड झाला. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडले. रोज एकदा शिरेतून हे औषध दिले. पाचव्या दिवशी ताप उतरला. याचे कूळही टायफॉईडशी जोडलेले आहे. सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरात सांडपाणी समुद्राला मिळते, तिथे १९४५ मध्ये ज्युसेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकांना एक बुरशी सापडली. तिच्या रसापुढे टायफॉईडचे जंतू टिकत नव्हते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पुढे तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले, आणि त्याच घराण्याच्या तिसऱ्या पिढीतले हे औषध. न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाची जंतुबाधा अशा जिवावरच्या दुखण्यांत ते आजही कामी येते.

पण त्याची पथ्येही कडक आहेत. पूर्वी पेनिसिलिनची किंवा याच जातीच्या औषधाची जोरदार रिॲक्शन आली असेल, तर ती डॉक्टरांना आधी सांगायला हवी. नवजात बाळाला कॅल्शियमचे सलाईन चालू असेल तर हे देत नाहीत. दोन्ही मिळून साका तयार होतो आणि त्यापायी बाळे दगावली आहेत. कमरेत टोचताना दुखू नये म्हणून ते बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. ते मिश्रण चुकून शिरेत गेले तर जीव धोक्यात येतो. कोर्सनंतर जोराचे जुलाब लागले तर दवाखाना गाठावा. एवढे सगळे दुकानदार काउंटरवर थोडेच विचारणार?

म्हणून तर कायदा आहे. मार्च २०१४ पासून हे औषध ‘एच-वन’ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. डॉक्टरांचे, रोग्याचे नाव, औषध आणि नग रजिस्टरात लिहायचे, आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. पण रजिस्टर दुकानदाराचे असले तरी मोह गिऱ्हाइकाचा असतो.

आणि नुकसान एकट्या गिऱ्हाइकाचे नसते. विनाकारण घेतलेली सुई अंगातल्या जंतूंना तिला पुरून उरायला शिकवते. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात टायफॉईडची साथ आली, तिच्यातल्या जंतूंवर सेफ्ट्रिॲक्सोन चालेना. ठेव सगळ्यांची, आणि मी एकटा ती काढायला निघालो होतो! उद्या नातीला खराच टायफॉईड झाला तर तिच्या खात्यात काय उरेल?

मी बाटली परत सरकवली. दुकानदार म्हणाला, ‘‘घ्या हो साहेब, सगळेच नेतात.’’ हे वाक्य मी बँकेत फार वेळा ऐकले होते. ताप चौथ्या दिवशी आपणहून गेला.