लांबलचक शब्दांचा बागुलबुवा

सातपुड्याच्या पायथ्याशीं, चोपड्यासारख्या गांवीं इंग्रजी शिकवितांना एक तक्रार आमच्या कानांवर नित्य येते: घरांत अहिराणी बोलणाऱ्या पोरांस इंग्रजींतील लांबलचक शब्द झेपावयाचे नाहींत! ही तक्रार आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गांत इंग्रजी आलें. पण शब्द मात्र बहुतेक ठिकाणीं अजूनहि स्पेलिंग घोकूनच शिकविला जातो, आणि दोष मुलाच्या जिभेस दिला जातो.

‘इंटरनॅशनलायझेशन’ हा शब्द घ्या. इंटर, नेशन, अल, आइझ, एशन अशीं त्याचीं शकलें होतात. आतां ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ पहा: आंतर, राष्ट्र, ईय, करण. ज्या मुलाला हा दुसरा शब्द उलगडतो, त्याला पहिला कां उलगडूं नये? उपसर्ग व प्रत्यय ओळखण्याची विद्या मराठीच्या व्याकरणानें त्याच्या पदरांत आधींच घातली आहे. इंग्रजीच्या तासास ती वर्गाबाहेर ठेवावयाची, हा कोठला न्याय?

खरी अडचण निराळीच आहे. मराठींत आघात इकडचा तिकडे झाला तरी सहसा शब्द ओळखूं येतो. इंग्रजींत तसें चालत नाहीं. ‘फोटोग्राफ’मध्यें जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो, म्हणून उच्चार ‘फटॉग्रफी’सारखा होतो, ‘फोटोग्राफिक’मध्यें तो तिसऱ्यावर जातो. हा लहरीपणा नव्हे. ‘शन’, ‘इटी’, ‘इक’ हे प्रत्यय शेवटीं आले कीं आघात बहुधा त्यांच्या लगतच्या आधींच्या अक्षरावर पडतो: एज्युकेशनमध्यें ‘के’वर, युनिव्हर्सिटींत ‘व्हर्’वर, इकॉनॉमिकमध्यें ‘नॉ’वर. ‘पॉलिटिक्स’सारखे अपवाद आहेत, पण अपवाद कोणत्या भाषेंत नाहींत?

कोणी म्हणतील, आघात चुकला म्हणून काय बिघडलें? उच्चाराची खानदेशी धाटणी आम्हांस मुळींच लाजिरवाणी वाटत नाहीं. पण आघात चुकला तर पुष्कळदां ऐकणाऱ्यास शब्दच कळत नाहीं, आणि मुलाखतीस गेलेला शेतकऱ्याचा मुलगा ज्ञान असूनहि मुका ठरतो. शहरांतील सुखवस्तु घरच्या मुलास हें कानावरून मिळतें. आमच्या मुलास तें सांगावेंच लागतें. जें सांगितलेंच नाहीं त्याची परीक्षा घ्यावयाची आणि वर त्यास मंद म्हणावयाचें, हा उघड अन्याय आहे. आणि तो करणारे दुसरे कोणी नसून आम्ही शिक्षकच आहों.