यंत्र ओरडतंय, ऐकतंय कोण?

रात्रीचे दोन वाजलेले. तालुक्याच्या गावातलं खासगी हॉस्पिटल. न्यूमोनिया झालेल्या आत्याच्या उशाशी मी बसले होते. अचानक खाटेजवळचं ते टीव्हीसारखं यंत्र वाजायला लागलं. पोटात गोळाच आला! शेजारच्या खाटेजवळच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते सारखंच ओरडतं. घंटेच्या चित्राचं बटण दाब, गप्प बसतं." मी दाबलं. थोड्या वेळाने परत वाजलं, परत दाबलं. पहाटेपर्यंत असंच चाललं.

सकाळी डॉक्टरांनी यंत्रातली रात्रभराची नोंद उघडली. बाराला ऑक्सिजन ९५, दोनला ९१, चारला ८९, पाचला ८७. "सिस्टरना कुणीच बोलावलं नाही?" मी मान खाली घातली. आत्या बरी होऊन घरी आली, पण ते आकडे काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मैत्रिणींनो, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. मग हे यंत्र तिला थोडं तरी कळायला नको का?

पडद्यावर मुख्यतः हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, श्वास आणि रक्तदाब दिसतो. निरोगी मोठ्या माणसाचे शांत असताना मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात, श्वास १२ ते २० असतात. ऑक्सिजन ९५ किंवा वर हवा, हे तर २०२०-२१ च्या कोरोनाकाळात बोटाला चिमटा लावून आपण शिकलोच. पण प्रत्येक पेशंटची मर्यादा वेगळी. फुप्फुसाच्या जुन्या आजारात डॉक्टर कधी ८८ ते ९२ सुद्धा पुरेसा मानतात. म्हणून आपल्या माणसासाठी कोणता आकडा ठरवलाय, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

अलार्मही सगळे सारखे नसतात. बहुतेक यंत्रांवर लाल म्हणजे तातडीचं, पिवळा म्हणजे लक्ष द्या. काही अलार्म तर नुसते जोडणीचे असतात. बोटाचा चिमटा निसटला, छातीवरची चकती सुटली की यंत्र ओरडतं. हात गार असेल, नखाला गडद नेलपॉलिश असेल, तर आकडा चुकू शकतो. ज्या दंडाला बीपीचा पट्टा, त्याच हाताच्या बोटाला चिमटा असेल, तर पट्टा आवळला की ऑक्सिजन उगाच कमी दिसतो.

'लांडगा आला रे'ची गोष्ट होते ती इथेच. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं, की शंभरातल्या ८५ ते ९९ अलार्मना काही उपचार लागत नाहीत. त्यामुळे कान सरावतात. त्याच इशाऱ्यात, जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ घटना कळल्या आणि त्यात ८० जण दगावले, असंही नोंदवलं होतं. तिथली ही गत, तर आपल्याकडे रात्री एकाच सिस्टरवर कितीतरी खाटा असतात!

मग आपण काय करायचं? अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघा. धाप लागलीय का, ओठ निळसर झालेत का, हाकेला ओ देतोय का? मग सिस्टरना बोलवा. अलार्म खोटा निघाला तरी संकोच नको. खरा की खोटा, ते ठरवणं त्यांचं काम. बटणाला मात्र हात लावू नका.

आणि जवळ एक छोटी वही ठेवा. यंत्र वेळ आणि आकडा जपून ठेवतं, पण त्या वेळी पेशंट खोकत होता, कूस बदलत होता की चिमटा काढून बाथरूमला गेला होता, हे त्याला कुठून कळणार? ते तुम्ही लिहा. सकाळी डॉक्टरांना म्हणा, "रात्रीची नोंद एकदा बघता का?" ती वहीशी ताडून बघितली, की खरं काय झालं ते कळतं.

हॉस्पिटलवाल्यांनाही एक विनंती. पेशंट दाखल करताना डिपॉझिटचं आठवणीने सांगता ना? तशीच दोन मिनिटं या यंत्रासाठीही द्या. उशाशी बसलेली बाई अडाणी नसते हो, तिला कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.