आधी विचारा : लॅपटॉपा, तू आहेस कोण?

तुमच्या लॅपटॉपवर अजून विंडोज १० आहे का? मग ही बातमी तुमचीच आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. पुढे काय? दुकानात विचारलंत तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, ‘नवीनच घेऊन टाका.’ आणि आपल्याकडे नवीन लॅपटॉप म्हणजे हळदीच्या नाहीतर सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढायचे पैसे!

म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी मशीनलाच दोन प्रश्न विचारा. तुझ्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? आणि आत प्रोसेसर कोणता?

हेच दोन प्रश्न हिंगोलीकरांना आणखी एका कारणासाठी लागणार आहेत. औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा दोन वेधशाळा आहेत, त्यांच्यासारखेच चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू आपल्याकडे असतील. वेधशाळा व्हायला वेळ आहे, पण अमेरिकेतल्या वेधशाळांचा डेटा आजच सगळ्यांसाठी खुला आहे. १४ सप्टेंबर २०१५ला पकडलेल्या पहिल्या लहरीची ३२ सेकंदांची फाईल तर मोजक्या एमबीची आहे. ती उघडून बघायला महागडं मशीन लागत नाही. लागतं ते पायथन आणि त्याची काही पॅकेजेस.

अडतं ते बऱ्याचदा इथेच. ही पॅकेजेस बसवायला ‘मिनीफोर्ज’ नावाचा इन्स्टॉलर वापरतात. प्रत्येक सिस्टिमसाठी आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी त्याची फाईल वेगळी असते. मग आपली कोणती? याचं उत्तर शेलमध्ये ‘यूनेम’ हा कमांड देतो. यू, एन, ए, एम, ई, बस, एवढी पाच अक्षरं. नुसता यूनेम टाकला की सिस्टिमचं नाव येतं. लिनक्सवर ‘लिनक्स’, ॲपलच्या मॅकवर ‘डार्विन’. पुढे जागा सोडून डॅश एम जोडलं की प्रोसेसरचा प्रकार येतो. इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिट मशीनवर ‘एक्स८६_६४’, ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर ‘आर्म६४’. ही दोन उत्तरं जोडली की बरोबर फाईलचं नाव तयार! शेल स्क्रिप्ट म्हणजे आणखी काय? उत्तर हे आलं तर इकडे जा, ते आलं तर तिकडे जा. एवढंच.

मात्र उत्तरावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली : डॅश एम जे सांगतो ते चालू असलेल्या सिस्टिमच्या गाभ्याबद्दल, म्हणजे कर्नलबद्दल असतं. प्रोसेसर ६४ बिटचा असेल, पण कुणी त्यावर ३२ बिटचं लिनक्स बसवून दिलं असेल, तर उत्तर ‘आय६८६’ असं येईल. त्यासाठी मिनीफोर्जची फाईलच नाही. तुम्हाला वाटेल मशीन जुनाट, पण दोष बसवलेल्या सिस्टिमचा. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ हा कमांड चालवा, त्यात प्रोसेसर ३२ आणि ६४ दोन्ही चालवतो का, ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसरी : विंडोज ११सुद्धा आतून स्वतःचा आवृत्ती क्रमांक १०.० असाच सांगते. फरक बिल्ड क्रमांकात आहे. २२००० किंवा त्याच्या पुढे असेल तर ११.

तिसरी : विंडोजमध्ये ‘डब्ल्यूएसएल’ लावून यूनेम विचारलंत तर उत्तर ‘लिनक्स’ येईल. ते चूक नाही. तुम्ही ज्या खोलीत उभे आहात, त्या खोलीचं नाव ते सांगतं. तिथे लिनक्सचीच फाईल घ्यायची.

आता मूळ प्रश्न, लॅपटॉप ठेवायचा की बदलायचा? विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सिस्टिमइन्फो’ टाका आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव सेटिंग्जमधल्या ‘अबाऊट’ पानावर बघा. इंटेलच्या आय३, आय५, आय७ नंतरचा आकडा महत्त्वाचा. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ला आठवी किंवा त्यापुढची पिढी, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम काही मशीनमध्ये असूनही बायोसमध्ये बंद असतं, तेही तपासून घ्या. यात बसत असाल तर पैसे वाचले. बसत नसाल, पण प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर लिनक्स टाकून हाच लॅपटॉप अजून कामाला येईल. फक्त तुमच्या कोर्सला विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागतं का, ते आधी बघा.

आणि हे एकट्याच्या लॅपटॉपपुरतं ठेवू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये एकच छोटी स्क्रिप्ट प्रत्येक कॉम्प्युटरवर चालवली, तर कोणत्या मशीनवर विंडोज ११ जाईल, कोणत्यावर लिनक्स टाकावं आणि कोणतं खरंच भंगारात काढायचं, याची यादी हातात येते. नव्या खरेदीचा प्रस्ताव जाण्याआधी ही यादी झालेली असावी, असा आग्रह विद्यार्थ्यांनी धरायला काय हरकत आहे? कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना प्रोजेक्टसाठी यापेक्षा जवळचा विषय सापडायचा नाही.

लायगो औंढ्यात येणार म्हणून आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण वेधशाळा जिल्ह्यात असणं आणि जिल्ह्यातल्या मुलांनी तिचा डेटा उघडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची सुरुवात २,६०० कोटींनी होत नाही, पाच अक्षरांच्या कमांडने होते. ती आज संध्याकाळीच टाकून बघा.