कड्यावरची आणि कुंडीतली



‘रानफूल कुंडीत आलं की संपलं’ हे गेल्या अंकातलं मत मला पटलं नाही. शिवनेरी परिसरातल्या कड्यांवरची शिंदळ माकुडी घ्या. मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून तिचं ‘फ्रेरिया’ हे नाव पडलं. तिच्या मांसल खोडाचा तुकडा निचऱ्याच्या मातीत सहज रुजतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या बागेत डॉ. एस. आर. यादव यांनी दुर्मीळ कंदीलपुष्पं अशीच जपली. दरड कोसळली, वणवा लागला, तर पुन्हा लावायला रोप कुठून आणणार?

मात्र तुकड्यांची रोपं म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. म्हणून वेगवेगळ्या कड्यांवरचं बी जपायला हवं, तेही अभ्यासकांनीच. ट्रेकला जाणाऱ्यांनी कृपया एकही फांदी तोडू नये.

– एक वाचक, वरळी