पेशीची यादी आणि पेशीचा उंबरठा

परीक्षेच्या उत्तरपत्रिका चाळतांना एक गोष्ट वारंवार आमच्या दृष्टीस पडते. "पेशीची रचना स्पष्ट करा" ह्या प्रश्नास आमचे विद्यार्थी बहुधा उत्तम उत्तर लिहितात. एक सुबक वर्तुळ. त्यांत केंद्रक, तंतुकणिका, रायबोझोम, गॉल्गी पिंड, रिक्तिका. प्रत्येकापासून पट्टीनें ओढलेली रेघ व रेघेच्या टोकाशीं नांव. गुण पूर्ण मिळतात. परंतु त्याच विद्यार्थ्यास "ही पेशी जिवंत आहे हें कशावरून?" असें विचारलें, तर तो निरुत्तर होतो; आणि दोष त्याचा नव्हे. आपण त्याजकडून घरांतील भांड्यांची यादी पाठ करून घेतली. त्या घरांत चूल कशी पेटते व कोण आंत येतें, कोण बाहेर जातें, हें सांगावयाचें राहून गेलें. नुकत्याच मेलेल्या पेशींतहि हीं सर्व भांडीं जागच्या जागींच असतात.

आमचें म्हणणें असें कीं, पेशीचा पाठ तिच्या पोटापासून नव्हे, तर तिच्या उंबरठ्यापासून सुरू करावा. प्रद्रव्यपटल नांवाचा जो पापुद्रा पुस्तकें "निवडक्षम पारगम्य" एवढ्या दोन शब्दांत उरकतात, त्याला पहिलें व मोठें स्थान द्यावें. असें कां म्हणतों, तें एका जुन्या प्रयोगावरून ध्यानांत येईल.

ज्याच्या योगें पावाचें पीठ फुगतें व द्राक्षाच्या रसाची दारू होते, तें यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी होय. जर्मनींतील एडुआर्ड बुखनर ह्या रसायनशास्त्रज्ञानें तें वाळूबरोबर खलांत इतकें घोटलें कीं त्याच्या पेशी फुटून गेल्या. मग लगदा कापडांत बांधून दाबयंत्राखालीं पिळला. निघालेला रस टिकावा म्हणून, आपल्याकडे मुरंबा टिकवितात त्याच युक्तीनें, त्यांत साखर घातली. तों रसास बुडबुडे येऊं लागले! जिवंत पेशीवांचून साखरेची दारू होत होती. आंबणें ही जिवंत पेशीचीच क्रिया होय असें लुई पाश्चर ह्यांचें मत होतें. ते १८९५ सालीं वारले, आणि दोनच वर्षांनीं, १८९७ सालीं, बुखनरचा हा शोध प्रसिद्ध झाला. त्याबद्दल त्याला १९०७ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. जीवाच्या क्रिया कोणा गूढ प्राणशक्तीच्या नव्हे, तर विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रियेस गति देणाऱ्या प्रथिनांच्या बळावर चालतात, हें मानण्यास तेथून आधार मिळाला.

बहुतेक पुस्तकें येथें थांबतात. आम्ही विद्यार्थ्यांस आणखी एक पाऊल पुढें नेऊं इच्छितों. त्या रसाचें पुढें काय होतें? तो कांहीं काळ आंबवीत राहतो, आणि मग थंडावतो. त्याच्यांतून नवें यीस्ट उपजत नाहीं. विकरें फुटतात, त्यांची भरपाई कोणी करीत नाहीं. उलट जिवंत यीस्टची एक पेशी अनुकूल साखरपाण्यांत सुमारें दोन तासांत दोन होते. रसांतील द्रव्यें पेशींतलींच होतीं. नाहींसा झाला होता तो आंत आणि बाहेर हा भेद.

जीवाचा आरंभ कसा झाला, ह्या मोठ्या प्रश्नासहि हीच कसोटी लावावी. रशियाच्या ओपारिन ह्यांनीं १९२४ सालीं आणि इंग्लंडच्या जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनीं १९२९ सालीं, स्वतंत्रपणें, असें सुचविलें कीं बाल्यावस्थेंतील पृथ्वीच्या हवेंत मोकळा प्राणवायु नसतांना सेंद्रिय द्रव्यें आपोआप घडून पाण्यांत सांचलीं असावीं. (हेच हॉल्डेन पुढें १९५७ सालीं भारतांत आले, येथील नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.) त्या कल्पनेची परीक्षा शिकागो येथें स्टॅन्ले मिलर ह्या तरुण विद्यार्थ्यानें आपले गुरु हॅरल्ड यूरी ह्यांच्या प्रयोगशाळेंत केली. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ कांचेच्या उपकरणांत कोंडून त्यांत त्यानें विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवड्याभरांत पाणी तांबडें झालें आणि त्यांत ग्लायसीन, ॲलानीन अशीं अमिनो आम्लें सांपडलीं. हें १९५३ सालीं प्रसिद्ध झालें. मिलर ह्यांनीं राखून ठेवलेल्या कुप्या त्यांच्या मृत्यूनंतर नव्या उपकरणांनीं तपासल्या, तेव्हां एका संचांत वीसाहून अधिक अमिनो आम्लें आढळल्याचें २००८ सालीं जाहीर झालें.

प्रयोग थोरच. पण "मिलरनें कांचपात्रांत जीव निर्माण केला" असें जें कांहीं विद्यार्थी लिहितात, व मोठीं माणसेंहि बोलून जातात, तें साफ खोटें आहे. त्यानें विटा पाडल्या. त्यांतहि आरंभींची हवा मुख्यत्वें कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन ह्यांचीच असेल, आणि आजचे अनेक भूवैज्ञानिक तसेंच मानतात, तर ह्या विटा फारच थोड्या पडतात. शिवाय विटांच्या ढिगास कोणी वाडा म्हणत नाहीं. मिलरच्या पात्रांतहि, बुखनरच्या रसाप्रमाणेंच, उंबरठा नव्हता.

तो उंबरठा कशाचा असतो? १९२५ सालीं हॉलंडांतील लायडन येथें गॉर्टर व ग्रेंडेल ह्यांनीं रक्तांतील तांबड्या पेशींची चरबी वेगळी काढून ती पाण्यावर एका रेणूच्या जाडीच्या थरांत पसरली. थराचें क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलें. अर्थात् आवरण दुपदरी असलें पाहिजे. गंमत अशी कीं, त्यांची चरबी पुरती निघाली नव्हती आणि पेशींचें क्षेत्रफळहि त्यांनीं कमी धरलें होतें. दोन चुकांनीं एकमेकींस खाऊन टाकलें व निष्कर्ष खरा ठरला! गणिताच्या पेपरांत असें नशीब फारसें कोणाचें उघडत नाहीं. हा पापुद्रा इतका पातळ कीं एका मिलिमीटरच्या जाडींत असे लाखाहून अधिक मावतील.

त्याची घडण मात्र सोपी आहे. ह्या चरबीच्या रेणूचें डोकें पाण्यास जवळ करणारें, शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. म्हणून पाण्यांत पडतांच असे रेणू शेपटीस शेपटी भिडवून दुपदरी पापुद्रा करतात, आणि तो स्वतःच मिटून पोकळ गोळी बनतो. इंग्लंडांत ॲलेक बँगहॅम ह्यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत हें प्रत्यक्ष दाखविलें. ऑस्ट्रेलियांत मर्चिसन गांवाजवळ २८ सप्टेंबर १९६९ रोजीं एक अशनि पडला. त्याच्या दगडांतून काढलेलीं कांहीं द्रव्यें पाण्यांत तशाच गोळ्या बांधतात, असें डेव्हिड डीमर ह्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे आंत आणि बाहेर हा भेद घडविण्यास जिवंत कारागीर लागतोच असें नाहीं. ह्यानें आरंभाचें कोडें सुटलें असें मात्र कोणीं समजूं नये. आवरण आधीं, विकरें आधीं कीं आनुवंशिक अक्षरें आधीं, हा वाद अजून चालूच आहे. आरएनए हें एकच द्रव्य अक्षराचें व विकराचें अशीं दोन्ही कामें करूं शकतें, हें टॉमस चेक व सिडनी ऑल्टमन ह्यांनीं सिद्ध केलें (नोबेल पारितोषिक, १९८९). त्यानें गांठ सैल झाली, सुटली नाहीं.

नुसता पापुद्रा असून भागत नाहीं. दारावर राखण लागते. आपल्या शरीरांतील पेशींच्या आंत पोटॅशियम पुष्कळ व सोडियम थोडें, तर बाहेर नेमकें उलट असतें. ही विषमता आपोआप टिकत नाहीं. पापुद्र्यांत बसलेला एक प्रथिनांचा पंप दर खेपेस सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन आंत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ ह्यांनीं १९५७ सालीं खेकड्याच्या मज्जातंतूंत त्याचा माग काढला. आपण स्वस्थ निजलों असतांहि शरीराच्या खर्चाचा सुमारें पांचवा हिस्सा ह्या एका राखणीवर जातो. "ही पेशी जिवंत आहे हें कशावरून?" ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें दिसतें. ती आपलें आंत आणि बाहेर अखंड श्रम करून वेगळें राखते.

हें सारें कशासाठीं, असें पालकवर्गांतून कोणी विचारील. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले. बनगांवच्या छावणींत पटकीचा कहर झाला व शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यांत कालवून तें रोग्यांस पाजण्यास आरंभ केला. सुमारें तीस टक्क्यांपर्यंत गेलेलें मृत्यूचें प्रमाण चार टक्क्यांच्या खालीं उतरलें. त्याचें मर्म ह्याच पापुद्र्यांत आहे. आंतड्याच्या पेशीला एक दार असें आहे कीं तें सोडियम व ग्लुकोज जोडीनें आले तरच उघडतें. तीं आंत गेलीं कीं त्यांच्या मागोमाग पाणी जातें. पटकीचें विष हें दार मोडूं शकत नाहीं. रॉबर्ट क्रेन ह्यांनीं ह्या दाराची कल्पना १९६० सालींच मांडली होती. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण बहुतेक घरांत ठाऊक असतें. पण लहान मुलास जुलाब होतांच "साखर कशाला, अजून जुलाब होतील" असें म्हणून ती वगळणारी आजी, अगर चव यावी म्हणून दुप्पट घालणारी मावशी, कोणत्या घरांत नाहीं? साखर नसेल तर तें दार उघडत नाहीं. फार झाली तर ती उलट पाणी आंतड्यांत ओढून घेते. ज्या मुलीनें तंतुकणिकेचें चित्र बिनचूक काढलें, तिला घरांतल्या वडील माणसांस एवढें समजावून सांगतां आलें नाहीं, तर तिचे पूर्ण गुण आमच्या मनाला खुपतात.

वेळ कोठून आणावा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. आमचें उत्तर एवढेंच कीं दहा नांवांतलीं चार कमी करावीं. उपकरणांची तक्रार मात्र आम्ही ऐकणार नाहीं. कैरीच्या फोडींना मीठ लावलें कीं पाणी सुटतें, हा प्रयोग दर उन्हाळ्यांत घरोघर होतो. दुसरा शाळेंत करावा. कच्च्या बीटाचे तुकडे कापून चांगले धुवावे आणि दोन पेल्यांत सारखे वांटावे. एकांत गार पाणी घालावें, दुसऱ्यांत उकळतें. गार पाणी फारसें रंगत नाहीं, उकळतें पाहतां पाहतां तांबडेंलाल होतें. पुढील परीक्षेंत पेशीवर चित्र न मागतां आम्ही ह्या दोन पेल्यांविषयींच प्रश्न घालणार आहों: रंग दोहोंतहि तोच होता, मग एकांतच तो बाहेर कां पडला?